भिंतीसकट

तुळशी पाइप रोडचे नाव सेनापती बापट मार्ग होऊन जमाना लोटला, पण टॅक्सीत बसल्यावर जुनेच नाव तोंडात येते. १८७९ साली बांधून झालेल्या तुळशी तलावाचे पाणी शहरात आणणारी नळवाहिनी या वाटेने आली, म्हणून ते नाव. रस्त्याच्या एका अंगाला पश्चिम रेल्वेचे रूळ, आणि रूळ व रस्ता यांच्यामध्ये लांबच लांब भिंत. पानाच्या पिचकाऱ्या, गुप्तरोगावरच्या इलाजांच्या जाहिराती, ‘येथे लघवी करू नये’ ही सूचना आणि तिच्याखालीच ओले ओघळ, असा त्या भिंतीचा ऐवज. ऑगस्ट २००९ मध्ये महापालिकेच्या संमतीने ती रंगवायला खुली झाली. वांद्र्याच्या गल्ल्यांत आधीपासून भिंती रंगवणाऱ्या धन्या पिलो आणि त्यांच्या मित्रमंडळींच्या ‘द वॉल प्रोजेक्ट’ने हाक दिली आणि माहीम ते दादर पट्ट्यात शेकडो माणसे ब्रश घेऊन उभी राहिली. राजकारण, धर्म आणि जाहिरात यांना मज्जाव होता. बाकी ज्याला जे सुचेल ते.

त्यातले आज फारसे काही उरलेले नाही. जे आहे ते फोटोंत, आणि ते फोटो चाळताना चुटपुट लागते. बहुतेकांनी चित्र तेवढे टिपले आहे, या कडेपासून त्या कडेपर्यंत, नीट कापून. ते कुठल्या खांबाशेजारी होते, पलीकडून लोकल जाताना दिसत होती का, पुढ्यात कुणाची पथारी होती, यातले काहीच कळत नाही. कागदावरचे चित्र असते तरी फोटो असाच आला असता. मग भिंतीपर्यंत जायचेच कशाला?

मुंबईत भिंतीवरच्या चित्राला आयुष्य कमी, कारण इथली भिंत कधी पुरती वाळतच नाही. पावसाचे पाणी विटांत आणि गिलाव्यात मुरते, आतले क्षार विरघळवून घेते आणि ऊन पडले की बाहेरच्या अंगाने उडून जाते. क्षार मात्र पृष्ठभागापाशी अडकून बसतात. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. ते स्फटिक रंगाला आतून ढकलतात आणि पोपडे सुटतात. ऑइल पेंटने रंगवलेली भिंत दिसायला चकचकीत, पण ओल आत कोंडते, म्हणून फुगे आधी तिलाच येतात. उन्हाची तऱ्हा वेगळी. स्वस्त रंगांतले लाल आणि पिवळे आधी उडतात, निळा-काळा टिकून राहतो. एकाच भिंतीचे चार पावसाळ्यांचे फोटो शेजारी शेजारी ठेवले तर गालावरची लाली कशी उतरत गेली आणि चेहरा कसा निळसर पडत गेला, हे डोळ्यांदेखत दिसते.

वांद्र्यात चॅपल रोडवर हे फार चांगले पाहायला मिळते. रानवर हे जुने गाव, त्याला लागूनच हा रस्ता. दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने थांबावे इतका अरुंद. एखाद्या कौलारू बंगल्याची कुंपणभिंत, तिच्यावर मधुबाला, तिच्या हनुवटीखाली कुणाची तरी ॲक्टिव्हा. ‘बॉलीवूड आर्ट प्रोजेक्ट’ची ही सिनेमातली मंडळी रणजित दहिया यांनी २०१२ पासून भिंतींवर आणायला सुरुवात केली. दहिया हरियाणातल्या सोनीपतकडचे. उमेदवारीच्या दिवसांत त्यांनी घरांना चुना लावण्याची कामे केली, मग चंदिगडचे कला महाविद्यालय आणि अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलच्या इमारतीवर त्यांनी २०१४ मध्ये दादासाहेब फाळके काढले, जवळपास १२० फूट उंच. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याच्या कितीतरी आधी फाळक्यांनी गोध्र्यात फोटो स्टुडिओ चालवला होता. तेव्हा त्यांचा फोटो काढताना जरा सांभाळूनच काढावा! शेजारच्या उड्डाणपुलांवरून धावत्या गाडीतून नुसता चेहऱ्याचा तुकडा हाती लागतो. आख्खे फाळके हवे असतील तर खाली उतरून लांब चालत जावे लागते.

दहियांच्या चित्रांचे घराणे सरळ सिनेमाच्या हाती रंगवलेल्या पोस्टरांचे आहे, आणि ते घराणे बरेचसे मराठी आहे. कोल्हापुरात बाबूराव पेंटर स्वतःच्या मूकपटांची पोस्टरे स्वतः रंगवत. ‘दीवार’च्या काळात दिवाकर करकरे जे. जे.मधून शिकून या धंद्यात नाव कमावून बसले होते. मग फ्लेक्सची छपाई आली आणि परांचीवर बसून, चौकटी पाडून, वीस फुटांचा नायक उभा करणाऱ्या पेंटरांचे काम गेले. त्यांच्या जागी भाऊंच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागले. गल्लीतल्या सोळा शुभेच्छुकांच्या पासपोर्ट फोटोंसकट.

ससून डॉकचा प्रकार याहून निराळा. १८७५ सालची ही गोदी आजही पहाटे मासळीच्या लिलावाने जागी होते. २०१७ च्या अखेरीस स्टार्ट इंडिया फाउंडेशनने तिथल्या एका जुन्या गोदामात आणि आसपासच्या भिंतींवर प्रदर्शन भरवले. फ्रेंच कलावंत जेआर यांच्या ‘इनसाइड आउट’ उपक्रमातून तिथल्या कोळी समाजातल्या माणसांचे कृष्णधवल चेहरे मोठाल्या कागदांवर छापून भिंतींना चिकटवले होते. कॅमेरे गळ्यात अडकवून आलेली गर्दी नाकाला रुमाल लावून त्या चेहऱ्यांचे फोटो काढत होती, आणि कोलंबी सोलत बसलेल्या बाया फ्रेममध्ये येऊ नयेत म्हणून अंग चोरून तिरकी उभी राहत होती. मला हे अजब वाटते. कागदावरची कोळीण चालते, खालची चालत नाही.

खरे तर परवानगी घेऊन, रंगाच्या कंपनीचे पैसे घेऊन काढलेल्या चित्रांकडेच आपले कॅमेरे वळतात. ती देखणी असतात, त्यांची नावे छापून येतात. पण ‘टायलर’ या नावाने कुणीतरी साच्यातून फवारलेली बोचरी चित्रे रातोरात उमटतात आणि पुष्कळदा पालिकेच्या चुन्याखाली जातात. त्यांचा फोटो त्याच आठवड्यात निघाला तर निघाला. १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंध कायद्याने विनापरवाना भिंत रंगवणे हा गुन्हा आहे, तरी निवडणुका जवळ आल्या की ‘ही भिंत राखीव’ असे लिहून पक्ष भिंती अडवून ठेवतातच. तेही टिपावे. जिन्याच्या कोपऱ्यात कुणी थुंकू नये म्हणून ओळीने बसवलेल्या साईबाबा, येशू, मक्का आणि गुरू नानकांच्या फरश्याही टिपाव्यात. सर्वधर्मसमभाव इतक्या कडक शिस्तीत दुसरीकडे फारसा आढळत नाही.

या बाबतीत गुरू करावा तो ब्रासायला. हंगेरीत वाढलेला हा छायाचित्रकार १९३० च्या दशकापासून पॅरिसच्या भिंतींवर कोरलेले चेहरे आणि खुणा टिपत असे. खिशातल्या वहीत तो जागेचे रेखाटन करून ठेवी आणि वर्षांनंतर त्याच भिंतीपाशी परत जाई. मधल्या काळात पावसाने काय खाल्ले, पोरांनी काय वाढवले, हे त्याला पाहायचे असे. न्यूयॉर्कच्या मार्था कूपरने डबेच्या डबे रंगवलेल्या सबवेच्या गाड्या टिपल्या त्या पुलावरून धावत असताना, मागे ब्रॉन्क्सच्या पडक्या इमारती ठेवून. हेन्री चॅल्फंटबरोबरचे तिचे ‘सबवे आर्ट’ १९८४ मध्ये निघाले आणि १९८९ च्या मे महिन्यात तिथल्या प्रशासनाने शेवटची रंगवलेली गाडी सेवेतून काढली. गाड्या गेल्या, पण त्या कुठल्या वस्तीतून धावत होत्या हे कूपरच्या फोटोंमुळे आजही दिसते.

आपल्याकडे करायचे ते सोपे आहे. चित्र शोधायला इस्त्रीवाल्याला आणि टपरीवाल्याला विचारावे. कुठली भिंत कधी रंगली आणि कोण रंगवून गेले, हे दिवसभर तिथेच उभ्या असणाऱ्याला ठाऊक असते. गल्लीत मागे सरकायला जागा नसते आणि मोबाइलचे रुंद भिंग कडेचे चेहरे ताणते, म्हणून एक फोटो तुकड्यातुकड्यांनी सरळ घ्यावा आणि दुसरा गल्लीच्या तोंडाशी जाऊन, माणसे येऊ देत. ऊन थेट भिंतीवर नको. समोरच्या घराची सावली पडली की रंग खरे दिसतात. तारीख, गल्ली, भिंतीचे तोंड कुठल्या दिशेला, हे त्याच दिवशी लिहावे.

फोटो काढला म्हणून तो आपल्या मालकीचा झाला, असा मात्र समज नको. सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पाचा फोटो छापायला कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात मोकळीक आहे, चित्रपटात मागे भित्तिचित्र आले तरी चालते, पण भिंतीवरच्या चित्राचा फोटो छापण्याला त्या कलमात तशी सरळ मुभा नाही. मेक्सिकोच्या पाओला देल्फीन यांनी मुंबईत काढलेले ‘ह्युमॅनिटी’ हे चित्र एका विमा कंपनीने आपल्या जाहिरातीच्या फलकावर घेतले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ती जाहिरात हटवायला सांगितले. स्वतःच्या संग्रहासाठी किंवा अभ्यासासाठी फोटो काढणाऱ्याला घाबरण्याचे कारण नाही. कॅलेंडर छापायचे असेल तर चित्रकाराला विचारावे लागेल, आणि विचारायचे तर तो कोण हे माहीत हवे.

सही बहुतेक वेळा उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात असते. तिथेच नेमकी दुचाकी उभी असते, कचऱ्याचा डबा असतो, आणि फोटो चौकोनी करताना पहिला कात्रीत जातो तोही तोच कोपरा. जुन्या पाटी-पेंटरांची हीच गत झाली. दुकानाच्या पाटीखाली बारीक अक्षरात अमुक आर्ट्स आणि फोन नंबर असायचा. ससून डॉकवर प्रदर्शन भरवणाऱ्या स्टार्टच्या संस्थापकांपैकी एक, हनीफ कुरेशी, २०२४ मध्ये वारले. त्यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमातून अशा पेंटरांची अक्षरे संगणकावर उतरवली आणि त्या फॉन्टांना पेंटरांचीच नावे दिली. दिल्लीच्या पेंटर कफील यांचे वळण आज कुणालाही आपल्या संगणकात घेता येते. परळ-लालबागच्या पाट्यांवरची देवनागरी वळणे तितकीच तालेवार आहेत. गाळे विकले जाऊन पाट्या उतरण्याच्या आत त्यांचे फोटो, खालच्या ओळीसकट, निघायला हवेत.