तीन पेन्सांची जकात

१७६३ साली पॅरिसच्या तहाने सात वर्षांचे युद्ध संपले आणि कॅनडा फ्रेंचांच्या हातून निसटून इंग्रजांच्या अमलाखाली आला, तेव्हा अटलांटिकच्या पश्चिम किनाऱ्यावरील तेरा वसाहतींत तिसऱ्या जॉर्जविषयी जी राजनिष्ठा नांदत होती ती पाहता, अवघ्या वीस वर्षांत त्याच पॅरिसमध्ये दुसरा तह होऊन त्या वसाहतींचे स्वातंत्र्य इंग्लंडला मान्य करावे लागेल, हे भाकीत कोणालाही खरे वाटले नसते. परंतु कलहाचे बीज त्या विजयातच होते. फ्रेंचांचे भय सरल्यामुळे वसाहतवाल्यांना इंग्रजी फौजेची निकड उरली नाही. आणि इकडे इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज सुमारे १३ कोटी पौंडांवर गेल्यामुळे, त्या मुलुखाच्या बंदोबस्ताचा काही भार तेथील रयतेनेच सोसावा, असे लंडनच्या मंत्र्यांना वाटू लागले.

हा विचार सर्वस्वी अन्यायाचा होता असे मला म्हणवत नाही. इंग्लंडातील माणूस वसाहतवाल्यापेक्षा कितीतरी अधिक कर भरीत होता. तथापि १७६५ च्या मुद्रांक कायद्याने करारपत्रांपासून वर्तमानपत्रांपर्यंत आणि थेट खेळण्याच्या पत्त्यांपर्यंत सरकारी शिक्का आवश्यक ठरला, तेव्हा ज्या पार्लमेंटात आपला एकही प्रतिनिधी बसत नाही तिला आपल्यावर कर बसविण्याचा अधिकार कोठून आला, हा प्रश्न वसाहतींतून उठला. आणि तो विचारणारे लोक त्या वेळी इंग्रज प्रजाजनांचे परंपरागत हक्कच मागत होते. पुढल्या वर्षी कायदा रद्द झाला खरा. पण त्याच दिवशी, वसाहतींवर वाटेल तो कायदा लादण्याचा आपला अधिकार पार्लमेंटने जाहीर करून ठेवला.

१७६७ साली काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर जकात बसली. १७७० मध्ये बाकीच्या जकाती उठल्या, पण अधिकाराची खूण म्हणून चहावरची तेवढी राखून ठेवण्यात आली. ती होती पौंडभर वजनामागे तीन पेन्स! पुढे १७७३ साली ईस्ट इंडिया कंपनी दिवाळ्याच्या काठाशी आली, लंडनच्या वखारींत दीड कोटी पौंड वजनाहून अधिक चहा पडून राहिला, तेव्हा कंपनीस तो परभारे अमेरिकेत धाडण्याची मुभा देण्यात आली आणि इंग्लंडातील जकातीचा परतावाही मिळाला. परिणामी हा चहा चोरट्या डच चहाहूनही स्वस्त पडणार होता. या सर्व इतिहासात मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते ती ही गोष्ट. चोरट्या व्यापाऱ्यांचे आणि मक्त्याने धास्तावलेल्या दुकानदारांचे हितसंबंध त्यात गुंतले होते, हे मान्य करूनही, ज्या सामान्य गिऱ्हाइकाचा चार पैशांचा लाभ होता त्यानेच तो नाकारला. कारण स्वस्त चहाच्या प्रत्येक घोटाबरोबर पार्लमेंटच्या अधिकाराला संमती द्यावी लागणार होती. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बोस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

पार्लमेंटने बोस्टनचे बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सच्या सनदेत फेरफार केले. एका वसाहतीला दिलेली शिक्षा इतरांनी आपली मानली, हा मंत्र्यांच्या हिशेबातला मोठाच प्रमाद ठरला. १७७४ च्या सप्टेंबरात फिलाडेल्फियास वसाहतींची काँग्रेस भरली; १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे रक्त सांडले. तरीही त्या जुलैत काँग्रेसने राजाकडे समेटाचा अर्ज धाडलाच. राजाने तो स्वीकारला नाही आणि वसाहतवाले बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. अर्जांचे दशक तेथे संपले. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेनच्या पुस्तिकेने राजसत्तेवरच आघात केला आणि ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला.

युद्धात वसाहतींचा सेनापती वॉशिंग्टन याने लढाया जिंकल्या त्याहून अधिक हरल्या. न्यूयॉर्क तर त्याच वर्षी गेले. त्याचे मोठेपण फौज मोडू न देण्यात होते, आणि व्हॅली फोर्जच्या हिवाळ्यात, अन्नवस्त्राच्या टंचाईत सैनिक मरत असता, ते कसास लागले. त्यापूर्वीच ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगा येथे इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आला होता. त्या विजयाने धीर येऊन फ्रान्सने १७७८ च्या फेब्रुवारीत वसाहतींशी मैत्रीचा तह केला. १९ ऑक्टोबर १७८१ रोजी यॉर्कटाउन येथे, समोर वॉशिंग्टन व फ्रेंच सेनापती रोशांबो आणि पाठीशी समुद्रात फ्रेंच आरमार, अशा कोंडीत इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिसने शस्त्रे ठेवली. हाच कॉर्नवॉलिस पुढे हिंदुस्थानात गव्हर्नर-जनरल झाला आणि मराठे व निजाम यांच्या साहाय्याने १७९२ साली टिपूकडून त्याने अर्धा मुलूख सोडवून घेतला.

३ सप्टेंबर १७८३ च्या तहाने मिसिसिपीपर्यंतचा प्रदेश नव्या राष्ट्रास मिळाला; तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मूळच्या जमातींना कोणी विचारले नाही. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात सर्व मनुष्ये समान आहेत असे लिहिणारा जेफर्सन स्वतः गुलामांचा धनी होता. बंडखोर धन्यांना सोडून येणाऱ्या गुलामांना मात्र युद्धकाळात इंग्रजांनी मुक्ततेचे वचन दिले होते. न्यूयॉर्क सोडण्यापूर्वी ती माणसे परत करावीत, अशी मागणी वॉशिंग्टनने इंग्रज सेनापती कार्ल्टनकडे केली. दिलेले वचन मोडता येणार नाही असे सांगून कार्ल्टनने ती नाकारली, आणि सुमारे ३,००० कृष्णवर्णीयांची नावे नोंदवहीत उतरवून घेऊन त्यांना जहाजांतून मुख्यतः नोव्हा स्कोशियाकडे रवाना केले.