रक्ताच्या टिपक्यात काय शोधतात?

पावसाळा लागला की आमच्या टेबलावर वादावादी सुरू होते. कुठल्याशा तालुक्याच्या गावाहून कुरिअरनं पाकीट आलेलं असतं. उघडावं तर आतलं फिल्टर पेपरचं कार्ड हाताला दमट लागतं. मी म्हणते, सॅम्पल रिजेक्ट करू. मॅडम म्हणतात, अगं, पोर तिकडे आयसीयूत आहे, लावून तर बघ. दोघींचंही बरोबर असतं. दमट हवेत आणि उन्हाच्या तडाख्यात टिपक्यातलं एन्झाइम मरतं, आणि मेलेलं एन्झाइम मुळात नसलेल्या एन्झाइमसारखंच दिसतं.

मी मुंबईतल्या एका जनुकीय प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. लायसोसोमच्या साठवण विकारांच्या चाचण्या करते. लायसोसोम म्हणजे पेशीतला भंगारवाला: जुना माल घ्यायचा, तोडायचा, सुटे भाग पुन्हा वापरायला द्यायचे. बेल्जियमच्या क्रिस्तियाँ द द्यूव्ह यांनी 1955 मध्ये तो शोधला, पुढे 1974 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तोडायचं काम वेगवेगळी एन्झाइमं करतात. त्यातलं एखादं जन्मतः नसलं की तेवढा एकच माल न तुटता साठत जातो. असे पन्नासहून अधिक आजार आहेत. गोशेमध्ये एक प्रकारचं मेद पाणथरीत, यकृतात, हाडांच्या मगजात साठतं. पॉम्पेमध्ये ग्लायकोजेन हृदयाच्या आणि इतर स्नायूंत साठतं, टे-सॅक्समध्ये साठा मेंदूत होतो.

गोशेचं मूल आमच्यापर्यंत यायला फार उशीर होतो. पोट फुगलेलं, पाणथरी बेंबीपर्यंत आलेली, हिमोग्लोबिन कमी, प्लेटलेट कमी. मग आधी मलेरिया बघतात, मग थॅलसेमिया, मग ब्लड कॅन्सर. ते योग्यच आहे, कारण ते आजार जास्त आढळतात. पण या फेऱ्यात मुलाला दोन-तीनदा रक्त चढवलेलं असतं, आणि रक्त चढवल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्यात दात्याच्या पांढऱ्या पेशींचं एन्झाइम मिसळून येतं. म्हणून आमचा पहिला प्रश्न असतो: रक्त शेवटचं कधी चढवलं? फॉर्मवर ही जागा बहुतेक वेळा कोरी असते.

पूर्वी या चाचणीला हेपरिनच्या नळीतलं ताजं रक्त लागायचं. त्यातून पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, फोडायच्या, मग एन्झाइम मोजायचं. नळी एक-दोन दिवसांत पोचायलाच हवी. मुलाचा काका थर्मासमध्ये नळी घेऊन रात्रीच्या एसटीनं सकाळी दारात उभा, असं चित्र सर्रास असे. पक्कं निदान आजही पांढऱ्या पेशींवर किंवा जनुकाच्या तपासणीवरच होतं. पण पहिली चाळणी आता वाळलेल्या टिपक्यावर होते. याचं श्रेय ब्युनोस आयर्सच्या नेस्तोर चामोलेस यांना. नवजात बाळाच्या टाचेतलं रक्त कागदावर घेण्याची पद्धत रॉबर्ट गथ्री यांनी 1960 च्या दशकातच रुळवली होती. त्या वाळलेल्या टिपक्यातही लायसोसोमची एन्झाइमं मोजण्याइतकी शिल्लक राहतात, हे चामोलेस यांनी 2001 पासून एकेका आजारात दाखवून दिलं. कागदाचा तुकडा पाकिटात घालून पाठवता येऊ लागला आणि खेड्यातल्या डॉक्टरला प्रयोगशाळा जवळ आली.

काम असं चालतं. टिपक्यातून 3.2 मिलिमीटरची टिकली पंच करून काढायची. तिच्यात जेमतेम तीन मायक्रोलिटर रक्त असतं. ती प्लेटच्या खळग्यात टाकायची आणि वर एक बनावट खाद्य द्यायचं, ज्याला चमकणारा रेणू बांधलेला असतो. एन्झाइमनं बंध तोडला की तो सुटतो. रात्रभर 37 अंशांवर ठेवायचं, सकाळी अल्कली घालून क्रिया थांबवायची आणि अतिनील प्रकाशात बघायचं. निरोगी मुलाचा खळगा निळा चमकतो, आजारी मुलाचा जवळजवळ काळा राहतो. आकडा रीडर देतो, पण मी आधी डोळ्यांनी बघते. सवय आहे. शिवाय त्याच टिपक्यातलं दुसरं एक एन्झाइमही मोजते. दोन्ही कमी आली तर दोष मुलात नाही, पाकिटात आहे.

पॉम्पेनं मात्र बरीच वर्षं दमवलं. रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींत तेच काम करणारं दुसरं एक एन्झाइम असतं, त्यामुळे आजारी मुलाचाही टिपका नॉर्मल दिसायचा. त्या दुसऱ्याला गप्प करणारं औषध सापडलं तेव्हा वाट मोकळी झाली. ते औषध म्हणजे अकार्बोज, अनेक मधुमेही जेवणाबरोबर घेतात तीच गोळी. सिएटलच्या मायकेल गेल्ब यांच्या गटानं 2004 मध्ये मास स्पेक्ट्रोमीटरवर एकाच कार्डातून पॉम्पेसह पाच आजार तपासून दाखवले.

तैवाननं 2005 मध्ये नवजात बाळांची पॉम्पेसाठी तपासणी सुरू केली. पहिल्या 1,32,538 बाळांपैकी 121 बाळांना पुढच्या तपासणीसाठी बोलावलं आणि पॉम्पे निघाला चौघांना. लहान वयातला पॉम्पे उपचाराविना बहुतेकदा वर्षाच्या आत हृदयावर जातो, आणि आधीच साठलेल्या स्नायूंवर औषध पुरेसं चालत नाही. त्या चौघांसाठी ही तपासणी सर्वस्व होती. पण उरलेल्या 117 घरांनी काढलेले दिवसही मला दिसतात. पूर्व आशियातल्या अनेकांचं हे एन्झाइम नळीत कमी भरतं, शरीरात मात्र पुरतं. म्हणून माझं ठाम मत आहे: टिपक्याच्या रिपोर्टवर आई-बापांना आजाराचं नाव सांगू नये. फॅब्री या यातल्याच आणखी एका आजारात तर उलटंही घडतं. बाईला आजार असतो आणि एन्झाइम नॉर्मल येतं, तिथे जनुकच बघावं लागतं.

आपल्याकडे अशी सार्वत्रिक तपासणी नाही, संशय आला तरच कार्ड येतं. अहमदाबादच्या एका केंद्रानं 2002 ते 2012 या काळात संशयित 1,110 मुलं तपासली, त्यातल्या 387 मुलांना यातला एखादा आजार निघाला. यातले बहुतेक आजार आई आणि वडील दोघांकडून एकेक सदोष जनुक आल्यावरच होतात. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची चाल अजून आहे, तिथे हा योग जास्त जुळतो. सासू सुनेला बोल लावते, तेव्हा दोष दोघांकडून आलाय हे सांगायचं कामही शेवटी आमच्याच खिडकीवर येतं.

गोशे, पॉम्पे, हर्लर अशा काही आजारांवर बाहेरून एन्झाइम देण्याचे उपचार आहेत, पण ते जन्मभर घ्यायचे आणि भयंकर महाग. दुर्मीळ आजारांसाठीच्या 2021 च्या राष्ट्रीय धोरणाखाली केईएमसारख्या नेमलेल्या केंद्रांतून 50 लाखांपर्यंत मदत मिळते. मूल वाढतं तसा डोस वाढतो, रक्कम वाढत नाही. निदान स्वस्त झालं आणि उपचार आहेत तिथेच राहिले, हे मला पटत नाही.

एक विनंती मात्र डॉक्टरांना आणि घरच्यांनाही. मूल हाताबाहेर चाललंय आणि निदान झालेलं नाही, अशा वेळी कुणाला काही सुचत नाही. तरी कार्डावर चार टिपके आणि जांभळ्या बुचाच्या नळीत थोडं रक्त घेऊन ठेवा. पुढच्या गर्भारपणात चौघांत एक हा धोका कायम असतो, आणि नेमकं काय शोधायचं हे ठाऊक असेल तर अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी होऊ शकते. कार्ड आडवं ठेवून, उन्हात नव्हे, सावलीत तीन-चार तास वाळवा, आणि मगच पाकिटात घाला.