‘नशा उतरेल’ या समजुतीत जातो मोलाचा वेळ. अमली पदार्थ आणि पक्षाघात यांचा संबंध काय?

भिलाई, २९ ऑक्टोबर : जीभ जड होणे, शब्द अस्पष्ट येणे, तोल जाणे, समोरच्याचे बोलणे न कळणे ही लक्षणे नशेत असलेल्या व्यक्तीत दिसतात आणि पक्षाघाताच्या रुग्णातही दिसतात. त्यामुळे गांजा, मद्य किंवा अन्य अमली पदार्थांचे सेवन केलेल्या तरुणाला पक्षाघात झाल्यास ‘झोपू द्या, सकाळपर्यंत उतरेल’ असे म्हणून सोबतचे लोक थांबतात आणि उपचाराची वेळ निघून जाते. आजच्या जागतिक पक्षाघात दिनानिमित्त हा धोका समजून घेणे आवश्यक आहे.

पक्षाघात हा उतारवयातील आजार मानला जातो. मात्र जगभरातील एकूण रुग्णांपैकी साधारण १० ते १५ टक्के रुग्ण १८ ते ५० वर्षे वयोगटातील असतात. या वयात उच्च रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि हृदयविकार या कारणांबरोबरच अमली पदार्थांचे सेवन हेही महत्त्वाचे कारण ठरते.

भिलाईसाठी हा विषय दूरचा नाही. पोलाद कारखान्यामुळे देशभरातील कुटुंबे, त्यात विदर्भातील अनेक मराठी कुटुंबेही, येथे स्थायिक झाली. २०१६ मध्ये सुरू झालेली आयआयटी आणि अभियांत्रिकी प्रवेश परीक्षांचे शिकवणी वर्ग यांमुळे घरापासून दूर राहणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्याही येथे मोठी आहे. हे शहर हावडा-मुंबई लोहमार्गावर वसलेले असून ओडिशातून येणारा गांजा या मार्गावर वेळोवेळी पकडला जातो.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशातील १० ते ७५ वयोगटातील २.८ टक्के, म्हणजे सुमारे ३.१ कोटी लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांचे सेवन केले होते. हे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा अधिक असलेल्या राज्यांत छत्तीसगडचा समावेश होता. मद्यसेवनाचे राष्ट्रीय प्रमाण १४.६ टक्के असताना छत्तीसगडमध्ये ते ३५.६ टक्के आढळले.

मेंदूवर परिणाम कसा होतो?

मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकून रक्तपुरवठा थांबणे किंवा रक्तवाहिनी फुटून मेंदूत रक्तस्राव होणे, असे पक्षाघाताचे दोन मुख्य प्रकार आहेत. अमली पदार्थांमुळे दोन्ही संभवतात.

कोकेन आणि अँफेटामाइन वर्गातील उत्तेजक पदार्थ रक्तदाब अचानक वाढवतात आणि रक्तवाहिन्या आकुंचित करतात. कोकेनमुळे रक्तातील गुठळी होण्याची प्रवृत्तीही वाढते. त्यासोबत मद्य घेतल्यास यकृतात कोकाएथिलीन हे आणखी एक घातक द्रव्य तयार होते. गांजामुळे हृदयाचे ठोके वाढतात, काही व्यक्तींत मेंदूच्या रक्तवाहिन्या आक्रसतात आणि चिलमीत तंबाखू मिसळल्यास तंबाखूचे दुष्परिणामही जोडले जातात. अफूजन्य पदार्थ सुईने टोचून घेणाऱ्यांमध्ये जंतुसंसर्ग हृदयाच्या झडपांपर्यंत पोहोचतो. तेथून सुटलेला संसर्गयुक्त कण मेंदूतील रक्तवाहिनी बंद करू शकतो.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेतील टेक्सास राज्यात १८ ते ४४ वयोगटातील रुग्णांच्या रुग्णालयीन नोंदींवर आधारित अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अँफेटामाइनचा गैरवापर करणाऱ्यांमध्ये मेंदूतील रक्तस्रावाची शक्यता जवळपास पाचपट, तर कोकेनच्या बाबतीत दोन्ही प्रकारच्या पक्षाघाताची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. बाल्टिमोर-वॉशिंग्टन परिसरातील २०१६ च्या अभ्यासात, कोकेन घेतल्यानंतरच्या २४ तासांत तरुणांमध्ये पक्षाघाताची शक्यता सुमारे सहापट दिसली.

गांजाबाबत अमेरिकेतील ४ लाख ३४ हजार प्रौढांच्या माहितीचे विश्लेषण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. दररोज सेवन करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताची शक्यता ४२ टक्क्यांनी अधिक होती. ही वाढ तुलनात्मक आहे. शंभरपैकी ४२ जणांना पक्षाघात होतो, असा तिचा अर्थ नाही. हा अभ्यास लोकांनी स्वतः दिलेल्या माहितीवर आधारित असल्याने त्यातून संबंध दिसतो, कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. तरीही सेवनाचे दिवस वाढतात तसा धोका वाढत असल्याचे त्यात आढळले.

वेळेचा हिशेब

पक्षाघातात उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतील सुमारे १९ लाख पेशी नष्ट होतात, असा अंदाज आहे. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रक्तवाहिनीतील गुठळी नळीद्वारे काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येतो. हा वेळ रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला त्या क्षणापासून मोजला जातो. रात्री अकरा वाजता झोपवलेला तरुण सकाळी सात वाजता लुळा आढळला, तर आठ तास उलटले असे धरावे लागते आणि बहुतेक वेळा इंजेक्शनची संधी हुकते.

त्यामुळे तोंड एका बाजूला वाकडे होणे, एका हाताची किंवा पायाची शक्ती जाणे, बोलणे अस्पष्ट होणे, अचानक असह्य डोकेदुखी यांपैकी एकही लक्षण दिसताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. केवळ नशेमुळे शरीराची एकच बाजू लुळी पडत नाही, हे लक्षात ठेवावे. रुग्णाला पाणी, अन्न किंवा स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन देऊ नये. रक्तस्राव असल्यास ॲस्पिरिन घातक ठरते. ‘लकवा मारला’ म्हणून मालिश किंवा झाडफूक यांत वेळ घालवू नये. सीटी स्कॅनची सोय २४ तास असलेले जवळचे रुग्णालय कोणते, याची माहिती प्रत्येक घरात आणि वसतिगृहात असावी.

डॉक्टरांपासून लपवू नका

बदनामी किंवा पोलीस कारवाईच्या भीतीने मित्र आणि कुटुंबीय सेवनाची माहिती दडवतात. प्रत्यक्षात काय घेतले, किती आणि केव्हा घेतले, यावरून रक्तदाबाची औषधे आणि पुढील तपासण्या ठरतात. अमली पदार्थ घेतले होते एवढ्याच कारणाने गुठळी विरघळवण्याचा उपचार नाकारला जात नाही.

अमली पदार्थविरोधी कायदा, १९८५ च्या कलम ६४-अ नुसार, सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाशी संबंधित गुन्ह्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने शासनमान्य केंद्रात स्वेच्छेने व्यसनमुक्ती उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास मात्र ते काढून घेता येते. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक, तर मानसिक आरोग्याविषयी सल्ल्यासाठी ‘टेली-मानस’चा १४४१६ क्रमांक उपलब्ध आहे.