झोनेस्त्राल: अल्पायुषी म्हणून बांधलेले आरोग्यधाम

अ‍ॅमस्टरडॅमच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरवर, नेदरलँड्समधील हिल्व्हरसम या शहराच्या कडेला, वनराई आणि खुरट्या झुडपांच्या माळरानात ‘झोनेस्त्राल’ हे जुने क्षयरोग आरोग्यधाम उभे आहे. डच भाषेत या नावाचा अर्थ ‘सूर्यकिरण’ असा होतो. पांढरे काँक्रीट, सडपातळ पोलादी चौकटी आणि काचेच्या सलग भिंती यांनी घडलेली ही वास्तू विसाव्या शतकातील आधुनिक वास्तुकलेचा, म्हणजे अलंकरण टाळून उपयोग आणि रचना यांनाच सौंदर्याचा आधार मानणाऱ्या प्रवाहाचा, श्रेष्ठ नमुना मानली जाते.

तिचा उगम मात्र कामगारांच्या व्यथेत आहे. अ‍ॅमस्टरडॅमच्या हिरे उद्योगात कोंदट, धुळीने भरलेल्या कारखान्यांत राबणाऱ्यांना क्षयाने ग्रासले होते, आणि घासताना हिरा शिशाच्या मिश्रधातूत बसवला जात असल्याने शिशाची विषबाधाही त्यांच्या वाट्याला येत असे. हिरा धरणाऱ्या साधनाची तांब्याची दांडी वापराने तुटली की टाकून दिली जाई. कामगार संघटनेचे कार्यकर्ते यान व्हान झुट्फेन यांनी अशा टाकाऊ दांड्या गोळा करून विकण्याची कल्पना मांडली, आणि त्यातून रुग्ण कामगारांसाठी ‘तांब्याच्या दांड्यांचा निधी’ उभा राहिला. झोनेस्त्रालच्या पायात असा भंगाराचा पैसा आहे, आणि म्हणूनच ती कोणा धनिकाचा दानधर्म नसून श्रमिकांनी एकमेकांसाठी उभारलेली वास्तू ठरते.

वास्तुविशारद यान डॉइकर यांनी बेर्नार्ड बाइव्हूट आणि अभियंता वीबेंगा यांच्या साहाय्याने तिचा आराखडा केला, व मुख्य इमारत १९२८ मध्ये सुरू झाली. क्षयावर तेव्हा गुणकारी औषध नसल्याने विश्रांती, पोषक आहार, मोकळी हवा आणि ऊन हाच उपचार होता, त्यामुळे येथे वास्तूकडेच उपचाराचा मोठा वाटा आला. रुग्णदालने सूर्याकडे तोंड करून मांडली गेली, खोल्यांना उघडे सज्जे मिळाले, आणि बरे होत आलेल्यांनी पुन्हा कामाला सरावावे यासाठी आवारातच कार्यशाळा बांधल्या गेल्या.

क्षय काही दशकांत हटेल आणि त्यासोबत आरोग्यधामाची गरजही संपेल, या विश्वासाने डॉइकर यांनी साहित्य शक्य तितके कमी वापरले. स्ट्रेप्टोमायसिनसारखी प्रतिजैविके आल्यावर त्यांचा अंदाज खरा ठरला. १९५० च्या दशकात येथे सर्वसाधारण रुग्णालय आले, ठिकठिकाणी फेरबदल आणि वाढीव बांधकामे झाली, आणि पुढे इमारती ओस पडत गेल्या. काँक्रीटचा थर पातळ असल्याने आतील सळया गंजल्या, काचा फुटल्या, आणि एका रुग्णदालनाला झाडाझुडपांनी वेढले.

ज्या वास्तूच्या कर्त्यानेच तिला मर्यादित आयुष्य दिले, ती जतन का करावी, हा प्रश्न येथे अटळ होता. हुबर्ट-यान हेंकेट आणि वेसेल द योंगे या वास्तुविशारदांनी त्याला कृतीने उत्तर दिले. आधुनिक वास्तूंच्या जतनासाठी ‘डोकोमोमो’ ही आंतरराष्ट्रीय संस्था १९८८ मध्ये स्थापन करणारे हे दोघे. त्यांनी झोनेस्त्रालचा कसून अभ्यास करून पुढे मुख्य इमारतीचे पुनरुज्जीवन केले. नंतरची वाढीव बांधकामे काढण्यात आली, गंजलेल्या चौकटींच्या जागी तितक्याच सडपातळ चौकटी घडवल्या गेल्या, आणि जुन्या काचेतील किंचित लहर परत यावी म्हणून जुन्या पद्धतीने ओढलेली काच मिळवण्यात आली. जाड चौकटी आणि सपाट काच वापरणे सोपे गेले असते, पण मग सूर्यप्रकाशासाठी झटलेली ती कृशता हरवली असती. या कामाला २०१० मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडचा आधुनिक वास्तूंच्या जतनासाठीचा पुरस्कार लाभला.

झोनेस्त्रालमध्ये आज पुन्हा वैद्यकीय सेवा चालतात, आणि या पुनर्जन्माचे खरे मर्म तेथेच आहे. परित्यक्त इमारतीला नवा उपयोग शोधताना बहुधा तिच्यावर परका हेतू लादला जातो, येथे मात्र वास्तूच्या अंगभूत गुणांनीच उपयोग सुचवला. रोग बदलला, औषधे बदलली, तरी आजाऱ्याला लागणारा उजेड, मोकळीक आणि दिलासा यांची गरज संपली नाही. डॉइकर यांनी क्षयाच्या आयुष्याचा हिशेब अचूक केला. त्या उजेडाच्या उपयोगाचा हिशेब मात्र त्यांच्या अपेक्षेहून लांब निघाला.