हुकूमनामा हातात, फ्लॅट मात्र बँकेकडे

हातउसने दिलेले 20 लाख बुडाले, दिवाणी दावा लावला, वर्षानुवर्षांच्या तारखांनंतर हुकूमनामा मिळाला. घरात पेढे येतात आणि सोबत काही गैरसमजही.

‘आता कोर्टच पैसे वसूल करून देईल.’ नाही. त्यासाठी वेगळी दरखास्त दाखल करावी लागते, मुदत 12 वर्षे. ऋणकोचे काय कुठे आहे हेही बहुधा धनकोलाच शोधावे लागते. बेलीफ काही गुप्तहेर नसतो. शिवाय स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे यांना हात लावता येत नाही.

सगळ्यात महागात पडणारा समज असा: ‘जप्ती आधी माझी, म्हणजे पैसेही आधी मला.’ जप्तीमुळे ऋणकोला मालमत्ता परस्पर विकता येत नाही, इतकेच. तिच्यावर तुमचे तारण निर्माण होत नाही. समजा, फ्लॅट 60 लाखांचा आहे आणि जप्तीआधीच्या गहाणखतापोटी बँकेचे 45 लाख थकलेत. तुमच्या दरखास्तीत तो लिलावाला निघाला तरी बँकेचा बोजा त्याच्यासोबतच जातो. बोली लावणारा 45 लाख वजा करूनच आकडा सांगतो. तुमच्या पदरात फार तर 15.

बँकेला तर हुकूमनाम्याचीही गरज नसते. 2002 च्या सरफेसी कायद्याने खाते एनपीए झाले की 60 दिवसांची मागणी नोटीस, मग ताबा, मग वर्तमानपत्रातली ती ओळखीची जाहिरात: ‘जसे आहे जेथे आहे’ तत्त्वावर विक्री. सहकारी बँकांनाही हा अधिकार आहे, हे मुरगूडच्या एका बँकेच्या प्रकरणात घटनापीठाने 2020 मध्ये स्पष्ट केले. शेतजमिनीला मात्र हा कायदा लागू नाही.

‘सरकारी कर तरी बँकेच्या आधी?’ तेही सरसकट खरे नाही. तारणाची सरसाई या केंद्रीय नोंदवहीत नोंद असेल तर बँकेचे देणे राज्याच्या विक्रीकराच्याही पुढे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2022 मध्ये जळगाव जनता सहकारी बँकेच्या प्रकरणात सांगितले.

आणि ऋणकोंचा लाडका समज: फ्लॅट गेला, कर्ज फिटले. लिलावात कमी पैसे आले तर उरलेली रक्कम देणे राहतेच. त्या बाकीपुरते तारण संपलेले असते, तिथे बँकही तुमच्यासारखीच बिनतारणी धनको.

तेव्हा वकिलाची फी भरण्याआधी सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ रकाना वाचा. फ्लॅट असेल तर दुय्यम निबंधकाकडे आणि सरसाईवर शोध घ्या. ठरावीक शुल्क भरून तो कोणालाही घेता येतो.