हजार पौंड, दोन दिवस आणि दोनशे वर्षांची भिंत

बीबीसी टू या ब्रिटिश वाहिनीवर जानेवारी २०१४मध्ये ‘द ग्रेट इंटिरिअर डिझाइन चॅलेंज’ ही स्पर्धा सुरू झाली आणि २०१७पर्यंत तिची चार पर्वे झाली. गृहसजावट हा ज्यांचा व्यवसाय नाही, पण जिची त्यांना मनापासून हौस आहे, अशा लोकांसाठी ती होती. स्पर्धेसाठी स्टुडिओत खोट्या खोल्या उभारल्या जात नसत. ब्रिटनमधली खरी, राहती आणि वास्तुशैलीच्या दृष्टीने लक्षणीय घरे त्यासाठी निवडली जात. एका भागात एकाच परिसरातली, एकाच धाटणीची घरे घेतली जात आणि प्रत्येक स्पर्धकाच्या वाट्याला एकेका घरातली एक खोली येई. घराचा सांगाडा जवळपास सारखाच असल्यामुळे फरक उरे तो स्पर्धकांच्या नजरेचा.

घरमालक आपली गरज आणि आवडनिवड सांगत. स्पर्धक रंग, कापड, कागद आणि फर्निचर यांचे नमुने एका फलकावर मांडून आपली कल्पना त्यांच्यापुढे ठेवत. तिला होकार मिळाला, की सुरुवातीच्या फेऱ्यांत साधारण हजार पौंडांत आणि दोन दिवसांत खोलीचे रूप पालटायचे. हाताशी रंगारी आणि सुतार असत, पण काही वस्तू स्पर्धकाने स्वतः घडवाव्यात, जुन्या सामानाला नवे रूप द्यावे, अशी अपेक्षा असे. वास्तुसमीक्षक टॉम डायकॉफ सूत्रसंचालन करताना त्या घरांचा आणि त्या वस्तीचा इतिहास उलगडून सांगत. परीक्षणासाठी डॅनियल हॉपवूड आणि सोफी रॉबिन्सन हे व्यावसायिक डिझायनर होते. शेवटच्या पर्वात रॉबिन्सन यांच्या जागी केली हॉपेन आल्या.

आधीची परंपरा

दोन दिवसांत खोली पालटण्याची कल्पना नवी नव्हती. १९९६मध्ये सुरू झालेल्या ‘चेंजिंग रूम्स’ या बीबीसीच्याच मालिकेत शेजारी एकमेकांच्या घरातली एक खोली सजवत. खर्चाची मर्यादा पाचशे पौंडांची होती, सोबत व्यावसायिक डिझायनर असे आणि काम संपेपर्यंत मालकाला आपलीच खोली पाहता येत नसे. मालकाचा चेहरा उजळतो की पडतो, यावर त्या कार्यक्रमाची सारी गंमत उभी होती. ही मालिका २००४पर्यंत चालली आणि स्वस्त फळ्या, भडक रंग व झटपट कामे यांची लाट तिने घरोघरी नेली.

२०१४च्या स्पर्धेने वेळ आणि पैशांचा जाच तसाच ठेवला, पण दोन गोष्टी बदलल्या. मालकाला अंधारात ठेवणे बंद झाले आणि घराच्या वयाला महत्त्व आले. खोली कोणत्या काळातली, ती कशासाठी बांधली होती, तिच्यातले मूळचे काय शिल्लक आहे, हे प्रश्न रंगाचा डबा उघडण्याआधीच समोर उभे राहू लागले.

खोली वाचण्याची कला

जुन्या घरातली खोली मनाला येईल तशी सजवता येत नाही, कारण तिच्यातले बरेच निर्णय आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेले असतात. ब्रिटनमधल्या घरांचे ढोबळ कालखंड पाहिले, तर हे स्पष्ट होते.

ट्यूडर काळातली, म्हणजे मुख्यतः सोळाव्या शतकातली घरे ओकच्या लाकडी सांगाड्यावर उभी असतात. सांगाड्यातले खण काठ्यांच्या विणीवर माती आणि चुना लिंपून भरलेले असतात. छत बुटके, खिडक्या लहान, भिंती वाकड्या, तुळया उघड्या. अशा खोलीत सरळ रेषेवर बेतलेला वॉलपेपर लावला, की भिंतीचा प्रत्येक बाक उठून दिसतो. गडद रंग दिला, तर आधीच कमी असलेला उजेड आणखी आटतो. पांढऱ्या भिंती आणि काळ्या कुळकुळीत तुळया ही जोडी अस्सल ट्यूडर समजली जाते, पण तुळया काळ्या रंगवण्याची ही आवड बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकातली आहे. त्याआधी ओकचे लाकूड अनेकदा तसेच सोडले जाई, किंवा भिंतीसकट त्याच्यावरून चुन्याचा हात फिरे.

जॉर्जियन काळ १७१४पासून सुरू होतो आणि १८३०च्या दशकापर्यंत चालतो. या घरांचा जीव प्रमाणबद्धतेत आहे. बाथ शहरातले जॉन वूड धाकटे यांनी १७६७ ते १७७४ या काळात उभे केलेले ‘रॉयल क्रेसेंट’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. चंद्रकोरीच्या आकारात मांडलेल्या तिथल्या तीस घरांची दर्शनी बाजू एकसंध आहे. अशा घरांत पाहुण्यांच्या दिवाणखान्यांना सर्वांत उंच छत, मोठ्या खिडक्या आणि छताकडेची नक्षी मिळे. नोकरांच्या वरच्या मजल्यावरच्या खोल्या बुटक्या आणि साध्या असत. त्यामुळे एकाच घरातल्या दोन खोल्यांना एकच सजावट शोभत नाही. दिवाणखान्यातली झुंबरे पोटमाळ्यावर नेली, की ती उपरी वाटतात.

भिंतीवर कमरेच्या उंचीला धावणारी लाकडी पट्टी, जिला डॅडो रेल म्हणतात, तीही निव्वळ शोभेची नव्हती. त्या काळी वापरात नसलेल्या खुर्च्या भिंतीला लावून ठेवत आणि त्यांच्या पाठी घासून गिलावा खराब होई. पट्टी तो वाचवी. रंगांमागेही अर्थकारण होते. मातीतून मिळणारे पिवळट, तपकिरी, करडे रंग स्वस्त असत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये सापडलेला प्रशियन निळा महाग होता, म्हणून तो भिंतीवर दिसला की मालकाची ऐपत कळे.

व्हिक्टोरियन काळात, १८३७ ते १९०१, घरबांधणी कारखानदारीच्या वेगाने झाली. वॉलपेपरवरचा कर १८३६मध्ये, काचेवरचा १८४५मध्ये, विटांवरचा १८५०मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१मध्ये उठला. याचा परिणाम घरात शिरताच दिसतो: खिडक्यांना मोठ्या काचा आल्या, रस्त्याकडे पुढे आलेल्या बे-विंडो आल्या आणि छापील कागद मध्यमवर्गीयांच्या भिंतींवर चढला. भिंतीचे खालचा पट्टा, मधला भाग आणि वरची किनार असे तीन भाग करून प्रत्येकाला वेगळा रंग किंवा नक्षी देण्याची पद्धत रूढ झाली. रांगेतल्या घरांमध्ये मधली खोली मात्र अंधारीच राही, कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असत. अशी खोली हाती आली, की उजेडाचे काय करायचे हा सर्वांत मोठा प्रश्न. काही जण पांढरा रंग देऊन अंधाराशी झगडतात. काही जण अंधार मान्य करून गडद हिरवा किंवा निळा रंग निवडतात आणि दिव्यांची जागा विचारपूर्वक ठरवतात. बहुतेक वेळा दुसरा मार्ग अधिक सफल होतो, कारण कमी उजेडात पांढरा रंग मळकट करडा दिसतो.

यंत्रावर निघालेल्या मालाला कंटाळून ‘आर्ट्स अँड क्राफ्ट्स’ चळवळ उभी राहिली. चळवळीचे अग्रणी विल्यम मॉरिस यांच्यासाठी वास्तुविशारद फिलिप वेब यांनी १८५९-६०मध्ये लंडनजवळ बेक्सलीहीथ इथे बांधलेले ‘रेड हाउस’ हे तिच्या आरंभीचे घर. लाकूड, वीट, हातमागाचे कापड या गोष्टी जशा आहेत तशा दिसाव्यात, हा तिचा आग्रह होता. पुढे दोन महायुद्धांच्या दरम्यान ब्रिटनमध्ये सुमारे चाळीस लाख घरे बांधली गेली. जोडघरांच्या या वसाहती, त्यांच्या गोलाईच्या खिडक्या आणि उगवत्या सूर्याच्या नक्षीच्या काचा आता वारशात मोजल्या जातात.

कायद्याचा हात

यांतली अनेक घरे संरक्षित असतात. इंग्लंडमध्ये वारसा इमारतींच्या यादीत सुमारे चार लाख नोंदी आहेत. श्रेणी एक, दोन-तारांकित आणि दोन अशी तिची वर्गवारी असून नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी श्रेणी दोनमध्ये मोडतात. १७००पूर्वीची, बऱ्यापैकी मूळ स्वरूपात उरलेली प्रत्येक इमारत आणि १७०० ते १८५० या काळातल्या बहुतेक इमारती यादीला पात्र ठरतात.

हे संरक्षण दर्शनी भागापुरते असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते आतल्या भागालाही लागू होते. जिना, फायरप्लेस, दारे, छताची नक्षी, भिंतींचे जुने लाकडी आच्छादन हे सगळे त्यात येते. घराचे स्वरूप बदलेल असे काम परवानगीशिवाय केले, तर तो फौजदारी गुन्हा ठरतो. परवानगीला काही आठवडे लागतात. दोन दिवसांच्या स्पर्धेत भिंत पाडणे किंवा शेकोटी उखडणे यामुळेच संभवत नाही. स्पर्धकाच्या हाती उरतो तो घराचा वरचा थर: रंग, कागद, पडदे, गालिचे, दिवे आणि फर्निचर.

भिंतीला श्वास हवा

वरचा थरही निर्धोक नसतो. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. त्यांच्यात ओल शिरते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती हळूहळू बाहेर पडते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला किंवा प्लॅस्टिकचे प्रमाण जास्त असलेला रंग दिला, की ओल आत कोंडते. काही महिन्यांनी रंगाला फोड येतात, गिलावा सुटतो आणि लाकडी सांगाडा असेल तर तो कुजू लागतो. म्हणून जाणकार अशा भिंतींना चुना, डिस्टेंपर किंवा वाफ जाऊ देणारे इतर रंग सुचवतात.

रंग खरवडतानाही जपावे लागते. जुन्या थरांमध्ये शिसे असू शकते. ब्रिटनमध्ये घरगुती वापरासाठीच्या शिशाच्या रंगांची सर्वसाधारण विक्री १९९२मध्ये बंद झाली. कोरडा पॉलिशपेपर मारला, की शिशाची धूळ फुप्फुसात जाते. विसाव्या शतकातल्या नक्षीदार छतलेपात ॲस्बेस्टॉस असण्याचीही शक्यता असते. त्यामुळे जुन्या घरात काम सुरू करण्याआधी तपासणी करावी लागते.

या सगळ्यामागे एक जुना विचार आहे. विल्यम मॉरिस यांनी १८७७मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली. वास्तूची वेळच्या वेळी डागडुजी करावी, पण तिला काल्पनिक ‘मूळ रूप’ देण्यासाठी मधल्या पिढ्यांचे काम पुसू नये, असे त्या संस्थेचे म्हणणे होते. आज संवर्धनाच्या क्षेत्रात हाच विचार आणखी एका कसोटीसह मानला जातो: केलेला बदल पुढच्या माणसाला उलटवता आला पाहिजे. भिंतीला भोके न पाडता उभे केलेले कपाट, मूळ फरशीवर नुसता अंथरलेला गालिचा, जुन्या शेकोटीसमोर ठेवलेली आणि सहज हलवता येणारी फळी या कसोटीला उतरतात.

इथे स्पर्धेचा जाच घराच्या पथ्यावर पडतो. वेळ आणि पैसा कमी असल्यामुळे स्पर्धकाला खोलवर घाव घालताच येत नाही. त्याची चूक झाली, तर ती बहुधा रंगाच्या एका हातात किंवा पडद्याच्या कापडात राहते आणि पुढच्या वर्षी दुरुस्त होते.

हौशी हातांचे बळ आणि उणीव

स्पर्धकांच्या चुकांचा एक ठरीव नमुना असतो. कल्पना अनेक आणि खोली एक, त्यामुळे गर्दी होते. रंग दुकानातल्या लहान चिठ्ठीवर पाहून निवडला जातो आणि भिंतभर पसरल्यावर दुप्पट गडद भासतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या खोलीत ब्रिटनमध्ये थेट ऊन जवळपास येत नाही; तिथे थंड करडा रंग निस्तेज दिसतो, तर दक्षिणेच्या खोलीत तोच खुलतो. मोजमापात चूक झाली, तर पडदा जमिनीपासून वीतभर वर लटकतो आणि नवी खरेदी करायला पैसे उरत नाहीत.

बळही तितकेच ठळक असते. महागडे सामान घेता येत नसल्याने हौशी माणूस हात चालवतो. जुन्या कपाटाच्या दारांपासून पलंगाची पाठ होते, उरलेल्या कापडातून दिव्याचे आच्छादन होते. पहिल्या पर्वाच्या विजेत्या सेरा मूर यांचे कसब जुन्या-टाकाऊ वस्तूंना नवे आयुष्य देण्यात होते. पुढे त्या टाकाऊतून टिकाऊ करणाऱ्या ‘मनी फॉर नथिंग’ या बीबीसीच्या मालिकेत सूत्रसंचालक झाल्या.

परीक्षकांच्या निकालातही त्यामुळे दोन बाजू येतात. मालकाने सांगितलेली गरज भागली का, काम नीट झाले का आणि मांडणीत नवेपणा आहे का, ही पहिली बाजू. खोलीच्या मूळ घडणीशी ते सुसंगत आहे का, ही दुसरी. सुसंगती म्हणजे जुन्याची नक्कल नव्हे. जॉर्जियन खोलीत आधुनिक खुर्ची शोभून दिसते, जर तिचा आकार खिडकीच्या आणि शेकोटीच्या प्रमाणाशी जुळत असेल. उलट हुबेहूब ‘जुन्या काळचे’ म्हणून विकले जाणारे बोजड सामान त्याच खोलीला गुदमरून टाकते.

मुंबईशी असलेला धागा

घर सजवणे हा सामान्य माणसाच्या अभ्यासाचा विषय आहे, ही कल्पना ब्रिटनमध्ये १९०८पासून भरणाऱ्या ‘आयडियल होम’ प्रदर्शनाने रुजवली. त्याच धर्तीचे प्रदर्शन १९३७मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने मुंबईच्या टाउन हॉलमध्ये भरवले. मरीन ड्राइव्हवर आर्ट डेको इमारती उभ्या राहत होत्या, तोच हा काळ. नव्या फ्लॅटमध्ये फर्निचर आणि दिवे कसे असावेत, हे तिथे मुंबईकरांना पाहायला मिळाले.

त्या इमारती आता स्वतःच वारसा झाल्या आहेत. मुंबईत १९९५मध्ये वारसा नियमावली लागू झाली आणि तिच्यातही इमारतींच्या तीन श्रेणी आहेत. २०१८मध्ये शहराच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको वास्तुसमूहाला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. इथल्या जुन्या घरांत राहणाऱ्यांपुढचे प्रश्न ब्रिटिश स्पर्धकांपेक्षा फारसे वेगळे नाहीत. मोझॅकच्या फरशीवर नवी टाइल बसवायची की ती घासून उजळायची, सागवानी खिडकी काढून ॲल्युमिनियमची लावायची की तिची बिजागरे बदलायची, चुन्याच्या भिंतीवर कोणता रंग द्यायचा, हे निर्णय रोज कुठल्या ना कुठल्या घरात घेतले जातात.

स्पर्धेनंतर

‘चॅलेंज’ थांबल्यावर २०१९मध्ये बीबीसीने ‘इंटिरिअर डिझाइन मास्टर्स’ ही नवी मालिका आणली. तिचा रोख होतकरू डिझायनरना व्यवसायात आणण्याकडे आहे आणि खोल्यांइतकीच हॉटेले, दुकाने, उपाहारगृहेही तिच्यात सजवली जातात. जुन्या घरांचा इतिहास तिथे मागे पडला.

हौशी स्पर्धेने मात्र एक क्रम लोकांसमोर ठेवला, तो कोणत्याही जुन्या घराला लागू पडतो. आधी घराचे वय आणि बांधणी समजून घ्यावी. मग उजेड कुठून येतो ते दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहावे. मूळचे जे शाबूत आहे त्याची यादी करावी, ओल आणि भेगा आधी दुरुस्त कराव्यात, परवानगी लागते का ते विचारून घ्यावे. रंग आणि कापड निवडण्याची पाळी त्यानंतर येते.