हाताने लिहिलं तरच डोक्यात राहतं?

‘हाताने लिहिलेलंच डोक्यात राहतं, संगणकामुळे मुलांचं लेखन बिघडतं, आणि हे शास्त्राने सिद्ध झालंय’ हे पालकसभांमधून इतक्या खात्रीने सांगितलं जातं की, पुरावा विचारायचं कोणाला सुचत नाही. बहुतेकदा आधार असतो म्युलर आणि ओपेनहायमर यांच्या २०१४ च्या संशोधनाचा. त्यात व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर टिपणं घेणाऱ्यांनी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवले आणि समज तपासणाऱ्या प्रश्नांत ते मागे पडले. पण २०२१ मध्ये हेदर उरी आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग पुन्हा केला, तेव्हा नक्कल तशीच दिसली, गुणांत मात्र ठोस फरक आढळला नाही. हा निकाल कोणी फॉरवर्ड करत नाही! त्याहून मोठी गफलत म्हणजे टिपणं काढणं आणि निबंध लिहिणं एकच समजणं. टिपणात दुसऱ्याचं बोलणं पकडायचं असतं. निबंधात स्वतःचा विचार मांडायचा, मोडायचा आणि पुन्हा जुळवायचा असतो. तिथे पुरावा नेमका उलट आहे. गोल्डबर्ग, रसेल आणि कुक यांनी १९९२ ते २००२ या काळातल्या २६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा संगणकावर लिहिणाऱ्या शाळकरी मुलांचं लेखन लांबीला जास्त आणि दर्जालाही सरस निघालं. शेवटच्या परिच्छेदाशी आल्यावर खरा मुद्दा सापडला, तर वहीत लिहिणाऱ्या मुलीला सगळा निबंध पुन्हा उतरवावा लागतो. खाडाखोड केली तर लाल शेरा मिळतो. म्हणून ती मुद्दा तिथेच सोडून देते. संगणकावर तो परिच्छेद उचलून वर नेता येतो.

‘मग नॉर्वेतल्या मेंदूच्या अभ्यासाचं काय?’ २०२४ च्या त्या अभ्यासात हाताने लिहिताना मेंदूच्या भागांमधला समन्वय जास्त दिसला, हे खरं. पण टंकलेखन फक्त उजव्या तर्जनीने करायचं होतं आणि कोणाच्या किती लक्षात राहिलं, हे मोजलेलंच नव्हतं. अक्षरओळखीच्या वयात मात्र हाताने लिहिणं हवंच. जेम्स आणि एंगेलहार्ट यांच्या २०१२ च्या अभ्यासात, वाचता न येणाऱ्या पाच वर्षांच्या मुलांनी अक्षर स्वतः काढलं होतं, तेव्हाच ते पाहताना वाचनाशी निगडित मेंदूचे भाग कामाला लागले. कळ दाबून नाही आणि नुसतं गिरवूनही नाही. पण हा पुरावा बालवाडीच्या वयाचा आहे, नववीच्या मुलीला तो कसा लावणार?

फिनलंडने हस्तलेखन बंद केलं, हेही खोटं. २०१६ पासून तिथे फक्त जोडून लिहिण्याची सक्ती गेली. संगणक सगळं शुद्धलेखन आपोआप सुधारून देतो, ही भीतीही खरी नाही. ‘दीन’च्या जागी ‘दिन’ लिहिलं तरी लाल रेघ येत नाही, कारण दोन्ही शब्द बरोबरच आहेत.

बोर्डाचा पेपर हातानेच लिहायचा असतो, तेव्हा हाताला वेग हवाच. पण शिक्षकांनो, निबंधाचा कच्चा खर्डा तरी संगणकावर करू द्या. ते शक्य नसेल, तर वहीतल्या खाडाखोडीचे गुण कापू नका.